नाव न घेतलेला खान

यांजमाकाकू,

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाही. त्रेसष्ट वर्षांनी माफी मागायची म्हणजे शिंगरं सोडून दिल्यावर बादली घेऊन घोडीमागे धावायचं. शिंगरू अंगाशी नसेल तर घोडी पान्हा सोडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही कोण होतात हे एकदा सरळ लिहून ठेवायचं आहे, एवढंच. वाचणारे दुसरे असणार, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळा आला तर चहा ढवळत बसा.

तुम्ही सतराव्या वर्षी तामिर नदीच्या काठी लोदोईची बायको म्हणून आलात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक काम चालत आलेलं होतं. पाचशे वर्षांपूर्वीचा एक खान हा त्या घराण्याचा मूळपुरुष. फार मोठा नव्हे. मोठ्यांचे पोवाडे गायला जग आहे. ह्याचं राज्य इतकंच की तीन दिवस घोडा दामटला की दुसऱ्याची हद्द लागायची. पण त्याचा जन्म, त्याचं राज्य आणि त्याचा मृत्यू नऊ भागांत पाठ करून ठेवलेला होता, आणि दर उन्हाळ्यात घोड्यांच्या पहिल्या धारेच्या दिवशी घरचा कर्ता पुरुष तो म्हणायचा. एकेक भाग संपला की नऊ खळग्यांच्या लाकडी पळीने आभाळाकडे दूध उडवायचं. नवव्या पळीला उभं राहून खानाचं नाव मोठ्याने घ्यायचं. एकदाच. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा नाही.

हे नाव घरचा मुलगा घेऊ शके, घरची लेक घेऊ शके. सून नाही. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि हा तर साऱ्या वडीलधाऱ्यांचा वडील. तुम्ही त्याला ‘आमचे थोरले’ म्हणायचात.

रीत सगळ्याच सुना पाळत, पण तुमच्याइतकी कडक कुणीच नाही. तुमच्या सासऱ्याचं नाव तोमोर, म्हणजे लोखंड. त्यामुळे तुमच्या तोंडून तो शब्दही कायमचा गेला. सहकारी संघाच्या दुकानातला तो प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. तुम्हाला बादलीला कडी हवी होती.

“लाकडाची देऊ?” चुल्तेमने विचारलं. तो आमच्या तुकडीचा मुकादम, आणि दुकानही तोच बघायचा.

“दुसरी.”

“दुसरी म्हणजे कसली?”

“थंडीत जिभेला चिकटते ती.”

दुकान हसलं. चुल्तेमला मुद्दाम ऐकायचं होतं. “अहो काकू, सासरा जाऊन पंचवीस वर्षं झाली. आता म्हणून टाका की! ऐकायला येतोय थोडाच तो?”

“येत नाही हे तुला काय ठाऊक? तू जाऊन बघून आलास का?” तुम्ही म्हणालात. “नाहीतर असं कर, तूच जा त्यांच्याकडे. कडी मी माझी घेते.”

तुम्ही स्वतः फळीवरून कडी उचललीत आणि चालू लागलात. चुल्तेमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

१९३७च्या शरदात लोदोईला नेलं. भर दिवसा, लोकरीचा नमदा मळण्याचं काम चालू असताना. दोन माणसं मोटारीतून आली, खारा चहा प्यायली, आणि घरात ‘सरंजामी कागद’ आहेत का म्हणून विचारू लागली. घराण्याची वंशावळ संदुकीतच होती. ती त्यांनी तुमच्याच चुलीत, तुमच्याच गोवऱ्यांवर जाळली. लोदोई म्हणाला, “नमदा ओला आहे, तेवढा गुंडाळून येतो.” ते म्हणाले, बायका गुंडाळतील. तो परत आला नाही. कागद आला, तोही वीस वर्षांनी, चुकीने नेलं होतं असं सांगणारा. तुम्हाला एकच मूल झालं होतं, एक मुलगी. ती लोदोईला नेण्याच्या आधीच्या हिवाळ्यात गोवराने गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही काय केलंत, ते माझ्या आईने मला सांगितलं आहे. आई तेव्हा तुमच्या शेजारी राहायची. पहिल्या धारेच्या दिवशी तुम्ही टेकडीमागे एकट्या गेलात आणि बारा वर्षं कानावर पडलेलं सगळं म्हटलंत. म्हणायचं कसं हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणायची परवानगीही कुणी दिली नव्हती. पकडलं असतं तर तुम्हालाही नेलं असतं. आठ पळ्या उडवल्यात. नवव्या पळीला ओठ मिटून उभ्या राहिलात आणि तिचं दूध मुक्यानेच उडवलंत. त्यानंतर दर वर्षी.

मी आले १९६१च्या जुलैमध्ये. उलानबातरच्या विद्यापीठात इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला होते. जुन्या खानांबद्दल बोलणं त्या सुमारास जरा सैल झालं होतं, आणि प्राध्यापकांनी सांगितलं होतं, खेड्यातून काही तोंडी परंपरा मिळाली तर आण, प्रबंध तिच्यावरच करू. मी तीन वह्या घेऊन आले आणि तुमच्यासमोर बसले.

तुम्ही माझ्याकडे नखशिखांत पाहिलंत. “दोल्गोर, बादली धरता येते का अजून, की शहरात विसरलीस?”

“येते.”

“मग धर. दोन धारांच्या मध्ये सांगेन. तेवढ्यात लिहून झालं तर ठीक, नाहीतर घोडी काही तुझ्या वहीसाठी थांबणार नाही.”

घोडीची धार दिवसातून सहा वेळा काढावी लागते. शिंगरू आणायचं, त्याला दोन घोट पिऊ द्यायचं, ओढून बाजूला धरायचं, एक गुडघा टेकून, हाताला अडकवलेल्या बादलीत झपाझप धार काढायची. मग दीड तास मोकळा. नऊ भाग पाच दिवसांत झाले. तुम्ही डोळे मिटून, हात मांडीवर उपडे ठेवून सांगायचात आणि मध्येच, त्याच आवाजात, “ती ठिपक्यांची घोडी दोरीत पाय अडकवणार, बघ,” म्हणायचात. माझ्या वहीत तेही वाक्य लिहिलेलं आहे.

थोरल्यांचा जन्म खाऱ्या तळ्याच्या काठी, तळ हलवताना झाला. आई गाडीवरून उतरलीसुद्धा नाही. ते पाच वर्षांचे असताना बापाला मारलं. आईने त्यांना गोवऱ्यांच्या टोपलीत बसवलं, वर गोवऱ्या रचल्या आणि टोपली पाठीवर घेऊन चालत निघाली. वाटेत शिपायांनी टोपलीत भाला खुपसून पाहिला. पोराचा अर्धा कान कापला गेला, पण पोर हूं की चूं करेना. अकराव्या वर्षी एका सरदाराने त्यांना पांढऱ्या नमद्यावर बसवून उचललं आणि खान म्हणून जाहीर केलं. त्याला शिक्का हवा होता. शिक्क्यासोबत मूल आलं, एवढंच. सतराव्या वर्षी थोरल्यांनी शिक्का त्याच्या पेटीतून काढून आपल्या कमरेला बांधला. तिथून त्यांचं खरं राज्य, तेरा वर्षांचं.

त्या तेरा वर्षांत त्यांनी विहिरी वाटून दिल्या. जो पाणी गढूळ करील त्याने ती विहीर हातांनी उपसून काढायची, मग तो सरदार असला तरी. एका विधवेची घोडी दुसऱ्याच्या कळपात सापडली. दोघंही ती आपलीच म्हणत होते. थोरल्यांनी शिंगरू आणवलं आणि ज्याच्या हाताखाली घोडीने पान्हा सोडला त्याला ती दिली.

सहावा भाग सांगताना तुमचा आवाज जराही बदलला नाही. शरण या, जीव जाणार नाही, असा शब्द देऊन थोरल्यांनी चाळीस माणसांची हत्यारं खाली ठेवायला लावली. संध्याकाळच्या आत चाळीसही मारली.

मी पेन्सिल थांबवली. “काकू, हे तुम्ही दर वर्षी म्हणता? आभाळासमोर?”

“मग? वगळायचं?”

“स्तुतीचं पठण ना हे?”

“स्तुती कोण म्हणालं? हे त्यांचं आयुष्य आहे. आमच्या मामंजींनी एकदा हा भाग पुटपुटत म्हटला, तर त्यांच्या आईने भर लोकांत परत म्हणायला लावला. लिही, चाळीस. आकडा चुकवू नकोस.”

पुढे पडती बाजू. माणसं तुटत गेली, कळप गेले. शेवटी सात तंबू उरले आणि खान स्वतः घोड्यांची धार काढू लागला. शेवटच्या हिवाळ्यात बायकोच्या भावाने त्याला जेवायला बोलावलं आणि नमद्यात गुंडाळून, रक्ताचा थेंब जमिनीवर न सांडता, मारलं. खानाचं रक्त सांडायचं नसतं, एवढी रीत त्याने पाळली. बायको तान्ह्या मुलाला घेऊन भावाच्या तळावरून निसटली. त्या मुलापासून लोदोईचं घराणं.

“आणि नाव?” मी विचारलं.

तुम्ही डोळे उघडलेत. “शिंगरं आण. वेळ झाली.”

मी पिच्छा सोडला नाही. “निदान लिहून दाखवा. बोलू नका.”

“हाताला काय वेगळी सासू असते?”

“बरं, मी नावं घेते, तुम्ही फक्त मान हलवा.”

“दोल्गोर, तुला शिकून अक्कल आली की होती ती गेली? मान माझीच ना?”

मी शहरात परतले. प्राध्यापकांनी तिन्ही वह्या वाचल्या, खूश झाले आणि म्हणाले, “पण हा खान कोण? नाव नसेल तर ही लोककथा झाली. इतिहास नव्हे. नाव लाव, प्रबंध माझ्याकडून मंजूर. संशोधन संस्थेत एक जागा आहे, तिच्यासाठी शिफारसही करतो.” मी ग्रंथालयात बसले आणि एका जुन्या बखरीत मला बोलोद खान सापडला. तेरा वर्षं राज्य. मेहुण्याने मारला. कानाबद्दल, विहिरींबद्दल एक अक्षर नाही. पण तेरा वर्षं आणि मेहुणा, इतकं मला पुरलं. चार दिवसांत सगळं टंकलिखित करून घेतलं, आणि सप्टेंबरअखेर तुम्हाला वाचून दाखवायला आले. मला वाटलं होतं, नाव ऐकून तुम्ही दचकाल, अंगरख्याच्या त्या लांब बाहीत तोंड लपवाल, आणि मला माझी खात्री मिळेल.

तो धारेचा शेवटचा दिवस होता. शिंगरं सोडली होती, ती आयांबरोबर उतारावर पसरली होती. माझी आईही तुमच्या तंबूत बसली होती. तुम्ही जुना खोगिराखालचा नमदा शिवत होतात. मी वाचत गेले. ‘बोलोद खानाचा जन्म,’ ‘बोलोद खानाचं राज्य.’ तुमची सुई चालूच. शेवटचं पान झालं.

“चांगलं लिहिलंस,” तुम्ही म्हणालात. “चाळीस बरोबर लिहिलेस. पण हा बोलोद खान कोण?”

आईला आधी हसू फुटलं, मग तिने तोंडावर हात ठेवला.

“बोलोद खान,” तुम्ही पुन्हा म्हणालात, अगदी सहज, शेजारच्या बोकडाला हाक मारावी तसं. “भला असेल बिचारा बोलोद खान. आमचा कुणी नव्हे.”

ज्या बाईने पस्तीस वर्षांत बादलीच्या कडीच्या धातूचंही नाव घेतलं नाही, ती ते नाव घोळून घोळून म्हणत होती. आणखी कुठला पुरावा हवा होता मला?

मग तुम्ही सुई खाली ठेवलीत. तुम्हाला रागावलेलं मी तेवढंच पाहिलं, आणि तेही आवाज न चढवता. “चोवीस वर्षं मी नववी पळी मुक्यानं उडवली. म्हटलं, मी गप्प आहे तरी नाव कुठेतरी आहे. माझ्यामागे ही पोर लिहून ठेवील, एवढ्यासाठी तुला दिलं. तू सगळं नीट उचललंस आणि शेवटी नेऊन परक्याच्या दारात उतरवलंस.”

“मग मी काय करू? तुम्ही सांगत नाही!”

“मी सांगायची नाही. दुंगामा सांगेल.”

दुंगामा तुमची नणंद, लोदोईची धाकटी बहीण. लग्न करून पश्चिमेला उव्स तळ्यापलीकडे गेलेली. घरची लेक, तिला नाव घ्यायची मुभा, आणि लहानपणी दर उन्हाळ्यात तिने ते ऐकलेलं. तेवढं एकच जिवंत तोंड उरलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. असली गोष्ट चिठ्ठीने विचारण्यातली नव्हतीच.

“ट्रक जातो तिकडे,” तुम्ही म्हणालात. “गोंगोर लोकर घेऊन शुक्रवारी निघतोय. पाच दिवस जायला, पाच यायला. तिला म्हण, वहिनीने विचारलंय. नाव घेऊन ये आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या शेजारी उभी राहून नवव्या पळीला मोठ्याने म्हण. तू काही आमची सून नाहीस. तुला कसली आडकाठी?”

“आणते,” मी म्हटलं.

तुम्ही मला दाबून केलेल्या चहाची अर्धी वीट दिलीत, दुंगामासाठी, फडक्यात बांधून. घरात तेवढीच होती. आईने नंतर सांगितलं, पुढचे पंधरा दिवस तुम्ही आमच्याकडे चहाला येत होतात.

आता जे घडलं ते. प्रबंध दहा ऑक्टोबरला द्यायचा होता. उव्सला जाऊन आले असते तर तारीख गेली असती, आणि तारखेबरोबर ती जागाही. मी हिशेब केला की प्रबंध आधी देऊ, नाव मग आणू, पुढे दुरुस्त करू. पुढच्या वर्षी वारा फिरला. खानांवर लिहिणाऱ्यांच्या मागे चौकशा लागल्या, माझी जागा गेली, प्रबंध कपाटात गेला, आणि मला पूर्वेच्या टोकाला एका शाळेत शिकवायला पाठवलं. ते निमित्त मी बरीच वर्षं पुढे केलं. खोटं होतं. शाळेला उन्हाळ्यात तीन महिने सुट्टी असायची. उन्हाळ्यात ट्रकही चालायचे. मी लग्न केलं, मुलं झाली, आणि नाव म्हणजे काय, नावच ना, असं स्वतःला सांगितलं. तुमची चहाची वीट आम्ही पाच जणींनी वसतिगृहात त्याच हिवाळ्यात उकळून प्यायली.

आई पत्रात लिहायची. यांजमाने यंदाही म्हटलं. आठ पळ्या उडवल्या आणि नववी गुडघ्यावर धरून विचारलं, दोल्गोर आली का? मग कुणी नाही म्हटलं की ती पळी भांड्यात परत रिकामी केली. म्हणजे मुक्याने उडवणंही तुम्ही थांबवलंत. माझी वाट बघण्यासाठी. अशी सात पत्रं आहेत. १९६९च्या वसंतात तुम्ही गेलात. दुंगामा त्यानंतर दोन वर्षं होती, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे राज्य बदललं आणि खान पुन्हा चालू लागले. कपाटातला प्रबंध निघाला, पुस्तक झालं. पुस्तक होताना तरी मी ते नाव काढू शकले असते. प्रकाशकाने विचारलं, काही बदल? मी म्हटलं, नाही. आता तुमच्या त्या टेकडीवर तालुक्याने उभा दगड बसवला आहे. त्याच्यावर अर्धकान्या, विहिरी वाटणाऱ्या बोलोद खानाचं नाव आहे, आणि पहिल्या धारेच्या दिवशी तिथे लाऊडस्पीकरवरून ते नऊ वेळा घेतात. गेल्या वर्षी मला खास पाहुणी म्हणून नेलं. मी तिथल्या तरुण अध्यक्षाला बाजूला घेऊन खरं सांगितलं.

तो म्हणाला, “आजी, मग खरं नाव काय?”

मी म्हटलं, “ठाऊक नाही.”

“मग हेच बरं,” तो म्हणाला. “दगड कोरून झालाय.” आणि माझ्या हातात पळी दिली. मी ती खाली ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.

त्याला ‘ठाऊक नाही’ म्हणताना मला तो शुक्रवारच आठवत होता. गोंगोरचा ट्रक लोकरीच्या गठ्ठ्यांनी भरून आमच्या दारात उभा होता. पश्चिमेकडचं आभाळ स्वच्छ होतं, वाट कोरडी होती. त्याने पुढची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली होती, सीटवर आपला कोटही अंथरला होता.

“येतेस ना, दोल्गोर? दुंगामाकडे जायचंय म्हणे तुला.”

“पुढच्या खेपेला,” मी म्हटलं.

“पुढची खेप महिन्याने.”

“चालेल,” मी म्हटलं, आणि त्याला जायला हात केला.